मफलर उंबऱ्याबाहेर गेला

महेंद्रने टेम्पोतून मशीन उतरवून ओट्यावर ठेवलं, तेव्हा कलाबाईने पुढे होऊन त्याच्या पत्र्यावर एक चापट मारली. घरात आलेल्या वस्तूचं स्वागत कुणी असं करत नाही. पण ही वस्तू नवी नव्हती, आणि कलाबाईला तर ती चांगलीच ओळखीची होती.

कलाबाईचं माहेर विळद. लग्नाआधी ती तिथून एसटीने नगरला एका महिला मंडळाच्या शिवण-विणकामाच्या वर्गाला जायची. तिथे स्वेटर विणायचं हे मशीन होतं. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि सांगितलं की, मुली, तुझा हात जड आहे, तू सुया वाकवशील. मग त्यांनी तिला कोपऱ्यात बसवून लोकरीचे गुंडे करायला लावले. वर्ग संपेपर्यंत ती गुंडेच करत राहिली. दुसऱ्या मुली मशीन चालवायच्या आणि ही कोपऱ्यातून टकामका बघायची. पाचच्या एसटीसाठी सगळ्यांच्या आधी उठून निघायचीही तीच. पुढे लग्न होऊन ती कोल्हारला आली. मशीन नगरलाच राहिलं, पण डोक्यातून काही गेलं नाही.

महेंद्र तिच्या भावाचा मुलगा. जुनं सामान टेम्पोत भरून इकडचं तिकडे पोचवायचा त्याचा धंदा. दर दिवाळीला आत्या आली की मशीनची गोष्ट ऐकायला मिळणारच, त्यामुळे त्याला ती पाठ झाली होती. मंडळाची कुलूपबंद खोली रिकामी करायचं काम त्याच्याकडे आलं आणि अडगळीत हे धूड दिसलं, तेव्हा त्याने ते भंगारात न टाकता थेट कोल्हारला आणलं. लांबच लांब पत्र्याची पट्टी, तिच्यात दाटीने बसवलेल्या आकड्याच्या सुया, प्रत्येक सुईच्या तोंडाशी उघडमीट करणारी इवलीशी जीभ, आणि या सगळ्यावरून इकडून तिकडे सरकणारी एक गाडी. सोबत माहितीचं पुस्तक नव्हतं. नावाची पट्टीसुद्धा कुणीतरी कधीच उपटून नेली होती.

मशीन कशाला तरी घट्ट आवळून बसवावं लागतं एवढं कलाबाईला आठवत होतं. घरात त्या लायकीचं टेबल एकच होतं आणि त्यावर टीव्ही होता. टीव्ही जमिनीवर आला. तेव्हापासून रंभाजी, म्हणजे कलाबाईचे मालक, बातम्या मान खाली घालून बघू लागले. साखर कारखान्याच्या गोदामावर उभा जन्म पोती शिवून निवृत्त झालेला हा माणूस फार बोलणारा नव्हता. पण घरात जागेवर नसलेली वस्तू त्यांना कुसळासारखी टोचायची. मान दुखायला लागली तशी त्यांनी अट घातली.

"महिनाअखेरीला महेंद्र परत येनार हाय," ते म्हणाले. "तवर कायतरी इनून, मशीनवरून सुट्टं करून माझ्या हातात दे. न्हाईतर हे आलं तसं टेम्पोतून जाईल."

कलाबाई हो म्हणाली. मशीन गेलं तर त्याचं दुःख होतंच, पण खरी धास्ती वेगळी होती. ते न चालवता गेलं असतं तर बाईंचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि साठी गाठलेल्या कलाबाईला उरलेलं आयुष्य जड हाताची बाई म्हणून काढावं लागलं असतं. हे तिने फक्त एका माणसाला सांगितलं. भिंतीपलीकडच्या छबूबाईला.

छबूबाई गहिनीनाथ शेतकऱ्याची बायको. गोधडी अशी शिवायची की टाका शोधून सापडू नये. पण तिचा मोठा गुण म्हणजे तिला हसू आवरत नसे. दोघी एकत्र आल्या की शाळेतल्या पोरी बऱ्या, असं कलाबाईची सून दीपा म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. छबूबाईने मशीनभोवती एक फेरी मारली, सुयांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला गंज पदराला पुसला आणि निदान केलं. याला तेल पाहिजे. जे केसाला चालतं ते सुईला का चालू नये, असं म्हणत ती घरून खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि दोघींनी मिळून मशीनला न्हाऊ घातलं. दुपारचं ऊन होतं. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी फिरायला लागली. दोघींनी नुसतीच, लोकर न घालता, संध्याकाळपर्यंत ती इकडून तिकडे पळवली.

सकाळी पाहतात तर गाडी जागची हलेना. ढकलली, ओढली, छबूबाईने टेबलाला पाय लावून जोर केला, तरी ढिम्म. जेवणं झाल्यावर सहज हात लावला तर पुन्हा झकास पळू लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. छबूबाईने सांगितलं की हे मशीन अगदी आमच्या गहिनीनाथरावांवर गेलंय, उन्हं वर येईपर्यंत माणसाशी बोलायचं नाही. मग दोघींनी मशीनसमोर चहाचा कप ठेवून पाहिला. मशीनने ढुंकूनही पाहिलं नाही, चहा छबूबाईने प्यायला.

पुढच्या सकाळी कलाबाई न्हाऊन केसांना तेल लावायला बसली. बाटली उलटी केली, थेंब पडेना. हलवली, आपटली, डोळ्याजवळ धरून पाहिली. आत पांढराशुभ्र गोळा. पौषाची थंडी पडली होती आणि खोबरेल गोठलं होतं, जसं ते दर वर्षी गोठतं आणि दर वर्षी आपण बाटली उन्हात ठेवतो. कलाबाई तशीच मोकळ्या केसांनी, हातात बाटली घेऊन छबूबाईच्या दारात गेली आणि बाटली तिच्या डोळ्यांसमोर उलटी धरली. छबूबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र ती उंबऱ्यावरच बसली आणि पोट धरून हसू लागली. जवळ चुलीवर ठेवलेलं दूध उतू गेलं, तरी तिला उठता येईना.

गहिनीनाथच्या मोटारसायकलमधून वाटीभर पेट्रोल काढून दोघींनी अंगणात एक एक सुई धुतली. स्टँडजवळच्या दुकानातून शिवणयंत्राचं तेल आणलं. यानंतर मात्र मशीनने सकाळ-दुपार असा भेद केला नाही.

आता विणायचं. कलाबाईने डोळे मिटले आणि तो कोपरा आठवला. मुली सुया पुढे ओढायच्या, प्रत्येक सुईला लोकरीचा एक वेढा द्यायच्या, खाली काहीतरी वजन लटकवायच्या, मग गाडी. वजन घरात नव्हतं. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आणले, ते हलके पडले. छबूबाईने घरी जाऊन दाराचं मोठं कुलूप आणलं आणि ते चिमट्यांना अडकवलं. आता तिचं घर उघडं आणि कुलूप कलाबाईच्या मशीनला, पण घरात सोनं थोडंच आहे, असं ती म्हणाली. पहिली गाडी छबूबाईने ढकलली. गोधडी शिवणारा तिचा हलका हात, गाडी अर्ध्यावर जाऊन थांबली आणि लोकर सुयांत अडकून गुंता झाला. सोडवून पुन्हा केलं, पुन्हा अर्ध्यावर थांबली.

मग कलाबाई बसली. तिने दांडा धरला आणि तिला आवाज आठवला. वर्षभर कोपऱ्यात बसून ऐकलेला आवाज. खर्रर्र, आणि मग टक. शेवटच्या सुईच्या पुढे जाऊन टक वाजेपर्यंत मुली थांबत नसत. तिने दांडा पुढे रेटला. खर्रर्र, टक. परत आणला. खर्रर्र, टक. सुयांच्या खाली, कुलपाच्या वर, बोटभर विणलेलं कापड लोंबत होतं. सगळ्या जिभा आपोआप उघडत होत्या, मिटत होत्या, आणि प्रत्येक सुई आपला टाका आपणच ओढून घेत होती. कलाबाईला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि त्यातलं काय आधी येऊ द्यावं हे तिला कळेना. छबूबाई म्हणाली, हसून घे. मग ती हसली.

वीतभर पट्टी झाली तशी दोघींना धीर निघेना. कलाबाईने कापड धरून सुयांवरून ओढून काढलं. छान दिसत होतं. वरच्या काठाला एक धागा लोंबत होता, तो बरा दिसत नव्हता म्हणून छबूबाईने तो जरा ओढला. सर्रर्र. धागा येतच राहिला. एक ओळ गेली, दुसरी गेली, दोघी नुसत्या बघत राहिल्या, आणि बघता बघता पट्टीची पट्टी उसवून कलाबाईच्या मांडीवर शेवयांसारखा लोकरीचा ढीग पडला. छबूबाईच्या हातात धाग्याचं टोक तसंच होतं. यावर त्या इतक्या हसल्या की कुणी मेलंबिलं की काय म्हणून दीपा आतून धावत आली.

रात्री भाकरी थापताना मात्र कलाबाईच्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. सुरुवात तिने पाहिली होती. चालवताना पाहिलं होतं. कापड मशीनवरून उतरवायच्या आधी बाई वरचे फासे कसे बांधतात, हे तिने एकदाही पाहिलेलं नव्हतं. कारण ते शेवटी व्हायचं, आणि शेवटी ती एसटीत असायची.

दीपाने मोबाईलवर शोधलं. परदेशातली एक बाई एका चकचकीत मशीनवर भराभरा काहीतरी करत होती. तिच्याकडे दाभणासारखी, पळीसारखी, काट्यासारखी नाना हत्यारं होती आणि ती इतकी घाईत बोलत होती की जणू तिचीच एसटी सुटत होती. छबूबाईला तिच्या मागचं स्वयंपाकघर फार आवडलं. याउपर त्यांच्या पदरात काही पडलं नाही. दीपा आरोग्य केंद्रात कामाला, ती मोबाईल घेऊन ड्युटीवर निघून गेली.

तेव्हा कलाबाईने ठरवलं की उतरवायचंच नाही. विणत राहायचं. विणता विणता शेवट सुचेल. तिने पुन्हा सुयांना वेढे दिले, पुन्हा कुलूप लटकवलं, आणि मफलर सुरू केला. शेवट काही सुचला नाही, पण विणणं इतकं गोड होतं की थांबवेना. मफलर टेबलाखाली उतरला, तसतसं कुलूप काढून पुन्हा सुयांजवळ अडकवावं लागलं. मग जमिनीवरच्या टीव्हीसमोरून गेला, आणि रंभाजी बातम्या ऐकायच्या वेळी तो पायाने बाजूला सारू लागले. मग तो उंबऱ्याबाहेर गेला. ओट्यावरून उतरला, अंगणात आला. छबूबाईच्या शेळीने टोक चावून पाहिलं आणि नापसंत केलं. लोकर संपली तेव्हा आळीतल्या बायका पेटीतले तोकडे झालेले स्वेटर घेऊन आल्या. ते उसवून गुंडे करायचे, ते काम कलाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळेचा निळा आला, कुणाच्या तान्ह्याचा पिवळा आला, एका नवरीच्या रुखवतातला गुलाबी आला. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात होत्या. ड्रायव्हर अंगणातलं ते रंगीत लांबडं पाहून गाडी हळू करायचे आणि हे काय आहे म्हणून विचारायचे. छबूबाई सांगायची, मफलर. कुणाचा, म्हणून विचारलं तर सांगायची, जो पहिल्यांदा सोडवील त्याचा.

महिनाअखेर आली. लोकरीचा शेवटचा गुंडाही संपत आला. मशीन थांबलं असतं तर कलाबाईला विचार करावा लागला असता, आणि विचार तिला नको होता. दोरीवर रंभाजींचा तपकिरी स्वेटर धुऊन वाळत घातला होता. निवृत्त झाले त्या साली घेतलेला, रोज पहाटे पुलापर्यंत फिरायला जाताना घालायचे तो. कोपरावर विरलेला होताच. कलाबाईने आजूबाजूला पाहिलं. छबूबाईने तिच्याकडे पाहिलं. जेवणवेळेपर्यंत स्वेटरचा गुंडा झाला होता.

दुसऱ्या पहाटे रंभाजींनी स्वेटर विचारला. अजून ओला आहे, असं कलाबाईने सांगितलं. ते टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून गेले आणि परत आले ते शिंकत. त्याच दिवशी सकाळी महेंद्रचा टेम्पो दारात थांबला.

महेंद्रने जय भीम केला, चहा घेतला, आणि मामांनी, म्हणजे आत्याच्या मालकांनी, सांगितलं म्हणून टेबलाचे स्क्रू सैल करून मशीनला हात घातला. उचलता येईना. एका बाजूने मशीन, दुसऱ्या बाजूने अंगणापर्यंत गेलेला मफलर, मध्ये कुलूप. छबूबाईला हसू फुटलं, पण कलाबाईचं तोंड पाहून तिने ते पदरात दाबलं.

"कात्रीनं काप आन् टाक टेम्पोत," रंभाजी म्हणाले.

कापलं तर सगळं उसवेल, असं छबूबाईने सांगितलं. रंभाजींना ते पटलं नाही. बघू, म्हणत त्यांनी मफलर सुयांच्या जवळ हातात धरला. आणि त्यांचा हात तिथेच थांबला. शेवटचा हातभर भाग तपकिरी होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला, नाकाजवळ नेला.

"हा माझा स्वेटर हाय."

"व्हय," कलाबाई म्हणाली.

कलाबाईला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. एवढं सगळं करून शेवटी ती पुन्हा कोपऱ्यातच जाऊन बसली होती.

"मला चालू करता येतंय," ती म्हणाली. "चालवता लई चांगलं येतंय. थांबवता येत न्हाई. बाई शेवट दावायच्या तवा मी यष्टीत असायची."

रंभाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग सुयांच्या ओळीकडे पाहिलं. मान खाली घालून, बातम्या बघत असल्यासारखं, बराच वेळ पाहिलं. प्रत्येक सुईत एक उघडा फास होता, शेजारी शेजारी, काठापासून काठापर्यंत. त्यांनी बोटाने पहिला फास हलवला, मग दुसरा.

"हे तर पोत्याचं तोंड हाय," ते हळूच म्हणाले.

त्यांनी स्टूल ओढलं. एखादी सुटी सुई आहे का म्हणून विचारलं. छबूबाईने धुताना बाजूला काढलेल्या गंजक्या सुयांतली एक दिली. गोदामात मशीनचा दोरा मध्येच तुटला की उरलेलं तोंड हाताने बांधावं लागायचं, असं ते सांगत होते, पण ते सांगणं त्यांच्या हातांच्या मागे पडत होतं. पहिला फास सुट्या सुईवर घेतला, दुसऱ्यातून ओवला. दुसरा तिसऱ्यातून. जो मागचा, त्याला पुढच्याने धरून ठेवायचं. कडेला साखळीसारखी गाठ बसत गेली आणि मोकळ्या झालेल्या सुया एकेक करून मागे सरकत गेल्या. चार-पाच फास झाल्यावर त्यांनी सुई कलाबाईच्या पुढे धरली.

"घे. घट्ट ओढ. पोत्याला हलका हात चालत न्हाई."

कलाबाईने सुई घेतली. तिने आयुष्यात कधी ओढलं नसेल इतकं घट्ट ओढलं. फास फासात, फास फासात. काठ जरा आखडत होता, त्याची तिला पर्वा नव्हती. शेवटचा एकच फास राहिला तेव्हा रंभाजींनी धाग्याचं टोक त्यातून घालायला सांगितलं, आणि हे विसरलं तर अख्खं पोतं रस्त्यात सांडतं, असंही सांगितलं. तिने टोक घातलं आणि ओढलं. मफलर मशीनवरून सुटला, कुलूप धाडकन जमिनीवर पडलं, आणि छबूबाईने इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू शेवटी सुटलं. ती हसली तशी कलाबाई हसली, महेंद्र हसला, आणि कलाबाईने लग्नानंतर पहिल्यांदाच रंभाजींना शिंकता शिंकता हसताना पाहिलं.

छबूबाईने काठाचा धागा मुद्दाम ओढून पाहिला. आला नाही. आणखी जोरात ओढला, तरीही नाही.

कलाबाईने मफलरचं टोक उचलून रंभाजींच्या हातात दिलं. अट तशी होती.

महेंद्रने पडलेलं कुलूप उचलून बाजूला ठेवलं. मशीन टेम्पोत टाकू का, असं त्याने मामांना विचारलं.

"टाक की," रंभाजी म्हणाले. "पन मग माझा स्वेटर कोन इननार, तू?"

महेंद्र मशीनचे स्क्रू पुन्हा टेबलाला आवळू लागला. स्वेटरला माप लागतं आणि घरात माप घ्यायची टेप नव्हती. म्हणून कलाबाईने अंगणातून मफलर ओढून आणला आणि रंभाजींच्या छातीभोवती एक वेढा घेतला. पिवळ्यावर गुलाबी आला तिथे चिमटा लावला. हात वर धरून उभे राहा, तिने सांगितलं, आणि रंभाजी हात वर धरून उभे राहिले.